उसन्या आडनावाची खोली



अशोक विजयादशमीच्या आदल्या रात्री दीक्षाभूमीच्या मैदानावर एक वृद्ध जोडपे सतरंजी अंथरून बसले होते. भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यातून ती दोघे एस.टी.ने आली होती. त्यांच्या घरात आता तिसरी पिढी बुद्धवंदना म्हणते. बोलता बोलता समजले की त्यांचा मुलगा याच नागपुरात दोन वर्षांपासून शिकतो आणि मैदानापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर एका मित्रासह खोली घेऊन राहतो. मी सहज विचारले, "मग रात्रीचे मुलाकडे का जात नाही?" बाप गप्प राहिला. माउली म्हणाली, "काय सांगू भाऊ, पोरगा म्हणते, माय, तू पांढरं लुगडं नेसून तिकडं येऊ नको. घरवाला इचारते."

लाखो लोक त्या मैदानावर आनंदाने उघड्यावर निजतात, त्यात कमीपणा काही नाही. परंतु पोटच्या मुलाच्या खोलीचे दार आपल्या पांढऱ्या लुगड्यामुळे बंद आहे हे जाणून जी आई मैदानावर निजते, तिचे निजणे निराळे. त्या रात्रीपासून जो प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे, तो आज आपणांपुढे मांडतो. ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. आज ना उद्या आपलीही मुले कोणा मित्राचा हात धरून शहराची वाट धरणार आहेत, आणि पहिल्याच दारात त्यांना हाच प्रश्न विचारला जाणार आहे.

त्या मुलाची हकीकत अशी. गावातील एका शेतकरी कुटुंबातील मुलगा त्याचा जिवलग मित्र. दोघे एकाच शाळेत एकाच बाकावर शिकले, एकाच गाडीने नागपुरास आले, खोलीचे भाडे अर्धे अर्धे द्यावयाचे ठरवून वणवण फिरू लागले. पाच दारी त्यांना प्रथम गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि आडनाव ऐकताच खोली कालच दिली गेल्याचे सांगण्यात आले. सहाव्या दारी मित्राने पुढे होऊन आपले आडनाव सांगितले आणि याच्याकडे बोट दाखवून म्हटले, "हा माझा मावसभाऊ." दार उघडले. भाडेकरार मित्राच्या एकट्याच्या नावाने झाला, कारण करारास आधार कार्ड लागते आणि कार्डावर आडनाव लिहिलेले असते.

त्या दिवसापासून या मुलाने भिंतीवर तथागतांची तसबीर लावलेली नाही. बाबासाहेबांचे ग्रंथ तो पेटीत कपड्यांखाली ठेवतो. कोणी रस्त्यात "जयभीम" म्हटले तर आधी घराच्या खिडकीकडे पाहतो, मग हात जोडतो. भाडे मात्र दरमहा निम्मे भरतो. त्याच्याजवळ पावती नाही, करारात नाव नाही, त्या घरात राहत असल्याचा एकही कागद नाही. उद्या मित्राशी बिनसले तर तो कोणत्या हक्काने तेथे उभा राहील? भाडे भरूनही तो भाडेकरू नाही. तो आपल्याच खोलीत पाहुणा आहे.

आता दोष कोणाचा? पहिला आणि मोठा दोष घरमालकाचा, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. भाडे वेळेवर देशील काय, अनामत किती ठेवशील, ओळखीचा कागद आहे काय, रात्री गोंगाट तर करणार नाहीस, हे विचारण्याचा मालकास पूर्ण अधिकार आहे. परंतु आडनावावरून तो यांपैकी काय जाणणार? आडनावात माणसाची कमाई दिसत नाही, वर्तन दिसत नाही. दिसते ती एकच गोष्ट, आणि तीच त्यास पाहावयाची असते. अलीकडे कित्येक शहाणे लोक आडनाव विचारण्यासही लाजतात. ते विचारतात, "तुम्ही शाकाहारी आहात ना?" ज्यांच्या स्वतःच्या घरी दर रविवारी कोंबडी शिजते असेही काही जण हा प्रश्न विचारतात. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले त्यांना आता जिन्याखालूनच परत पाठविण्याची ही शहरी रीत आहे. शिवाशिवीचा शब्द गेला. तिचे काम 'खोली कालच गेली' हे तीन शब्द बिनबोभाट करीत आहेत.

या मुलाच्या वाट्याला जे आले ते परमपूज्य बाबासाहेबांच्याही वाट्याला आले होते. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. इतके शिकलेल्या माणसास त्या शहरात राहावयास जागा मिळेना. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदाराने पाहिले की या माणसाच्या अंगावर सदरा नाही, कंबरेस कस्ती नाही. हा पारशी नाही हे त्याने ओळखले. मग तोड निघाली ती अशी, की वहीत पारशी नाव लिहावे, म्हणजे राहता येईल. बाबासाहेब राहिले. त्या ओसाड इमारतीत मिणमिणत्या दिव्याजवळ एकटे बसून ते वाचीत असत. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत चालते होण्याचा हुकूम देऊन गेले. ही सर्व हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि त्यांचे ते टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले.

त्या लेखनात काठ्यांपेक्षाही अधिक बोचणारा भाग पुढचा आहे. बडोद्यात बाबासाहेबांचे दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. ते प्रथम हिंदू मित्राकडे गेले. त्यास वाईट वाटले, रागही आला, पण तो म्हणाला की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला की उद्या माझी पत्नी यावयाची आहे, तिला विचारल्यावाचून काही सांगता येत नाही. नकार कोणीच दिला नाही. आसराही कोणी दिला नाही. कामाठी बागेत पाच तास बसून बाबासाहेबांनी रात्री नऊच्या गाडीने मुंबईची वाट धरली.

येथून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. पहिली ही, की ज्या मुलाने अगतिक होऊन उसने नाव घेतले त्यास आपण तोंडावर दोष देऊ नये. खुद्द बाबासाहेबांवर ती पाळी आली होती आणि त्यांनी ती न लपविता लिहिली. दुसरी ही, की उसने नाव फार दिवस पुरत नाही. बडोद्यात ते अकरा दिवस पुरले. नागपुरात कदाचित अकरा महिन्यांच्या करारापुरते पुरेल. परंतु ते पुरते तोवर माणूस घरात राहतो म्हणजे काय करतो? जिन्यावरची पावले मोजतो. ज्या अभ्यासासाठी गाव सोडले त्या अभ्यासातील निम्मे चित्त या पहाऱ्यावर खर्ची पडते.

मैत्रीची दुसरी बाजूही बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा तेही एका अनोळखी महानगरात नवखे होते. सुरुवातीस एकदोन ठिकाणी राहून पाहिल्यावर ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहावयास गेले, आणि तेथे त्यांचे सोबती झाले नवल भथेना. भथेना पारशी होते. त्या खोलीत राहण्यासाठी आंबेडकरांस कोणाचा मावसभाऊ व्हावे लागले नाही. ही मैत्री पुढे जन्मभर टिकली. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा याच भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये उसने दिले. काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि पैसे देणाराही पारशीच होता. म्हणून माणसाची परीक्षा त्याच्या जमातीवरून करू नये, हे आपण इतरांस सांगतो तसे स्वतःही लक्षात ठेवावे. पण भथेनांनी काय उसने दिले हे नीट पाहा. त्यांनी पैसे दिले. स्वतःचे नाव पांघरण्यास दिले नाही, कारण त्या मैत्रीत तशी गरजच पडली नाही.

त्या शेतकऱ्याच्या मुलाचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. मित्राची वणवण त्याला पाहवली नाही. तो म्हणेल, "मी तर याचे गुपित राखले. मित्राचे गुपित राखावे असे तुमच्या भगवंतानेच सांगितले आहे ना?" होय, सिगालोवाद सुत्तात खऱ्या मित्राच्या लक्षणांत हे एक लक्षण सांगितले आहे. परंतु गुपित कशाला म्हणावे? माणसाच्या हातून एखादी चूक झाली, घरात काही दुःख घडले, तर ते गुपित. आईबापांनी दिलेले नाव आणि जाणूनबुजून स्वीकारलेला धम्म ही गुपिते कशी झाली? ज्या क्षणी मित्राने त्यांना गुपित मानले, त्या क्षणी त्याने घरमालकाचे मत नकळत मान्य केले, की यात लपविण्याजोगे काहीतरी आहे. त्याच सुत्तात आणखीही एक लक्षण आहे, की मित्र संकटात सोडून जात नाही. सहाव्या दारात संकट होते. तेथे मित्राने काय म्हणावयास हवे होते? एवढेच, की "आम्ही दोघे राहणार आहोत. याचे नाव हे, माझे नाव हे. दोघांना देत असाल तर द्या, नाहीतर मलाही नको." हे म्हणून तो परत फिरला असता तर त्या संध्याकाळी त्यास खोली मिळाली नसती, हे खरे. पण घरमालकाला आपल्या जातभाईने नाकारल्याचा अनुभव मिळाला असता, आणि तो अनुभव त्यास आजवर कोणीच दिलेला नाही.

आता आपल्यातीलच शहाण्या लोकांचे आक्षेप पाहू.

कोणी म्हणतात, "आधी परीक्षा, मग अभिमान. मुलगा एकदा साहेब झाला की नाव उघड सांगेल." मी विचारतो, कधी? खोली घेताना लपविले ते नोकरीत सहकाऱ्यांपासून लपविले जाईल, बदलीच्या गावी शेजाऱ्यांपासून लपविले जाईल, आणि शेवटी स्वतःच्या मुलांपासून लपविले जाईल. अशी कुटुंबे आपण पाहत नाही काय, की ज्यांच्या दिवाणखान्यात तथागतांची मूर्ती केवळ शोभेची वस्तू म्हणून ठेवलेली असते, पाहुण्याने विचारलेच तर तसे सांगता यावे म्हणून? लपविण्याची सवय परीक्षेच्या निकालाबरोबर सुटत नाही. शिवाय आपण रोज पंचशील घेतो, त्यात असत्य न बोलण्याचे शील आहे. बावीस प्रतिज्ञांतही ते आहे. दीक्षेच्या दिवशी जे शील घेतले त्याची पहिली कसोटी शहरातील घरमालकाच्या दारात लागावी, हा आपल्या समाजव्यवस्थेचा गुन्हा आहे. तरी कसोटी ती कसोटीच.

दुसरे म्हणतात, "आपल्या वस्त्या काय ओस पडल्या आहेत? इंदोऱ्यात राहावे, पाचपावलीत राहावे." या वस्त्यांचा मला अभिमान आहे. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून खेड्यातील आपली माणसे या शहरात येत गेली. गिरणीत लागलेला माणूस गावाकडच्या सोबत्यास बोलावून घेई, आपल्या झोपडीचा निम्मा कोपरा त्यास देई. त्या गिरण्या बंद पडल्या, पण अशा सोबत्यांनी वसविलेल्या वस्त्यांनी विहार बांधले, मुले शिकविली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंच्या समुदायास पाहुणचार दिला. त्यांत राहणे हे भूषण आहे, पण तेथे राहण्याची सक्ती नसावी. ज्याचे कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकास आहे त्याने रोज दोन बसगाड्या बदलाव्यात, आणि त्याच्या मित्राने कॉलेजाच्या दारातच राहावे, हा कोणता न्याय? खेड्यात एक सीमा होती, शहरातही ती आपल्याच हातांनी आखून घ्यावयाची काय?

तिसरे म्हणतात, "घर त्याचे, मर्जी त्याची. कायदा काय करणार?" कायदा काय म्हणतो ते आपणांपैकी फार थोड्यांनी वाचले आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७ने अस्पृश्यता नष्ट केली. त्यास अनुसरून १९५५ साली झालेला आणि १९७६ साली नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळालेला कायदा आजही अमलात आहे. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधणे, मिळविणे अथवा तिच्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. बाराव्या कलमाप्रमाणे असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध झाले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तीही अनुसूचित जातींतच गणल्या जातात.

कायद्यास मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवण्याचा नियम वैध ठरविला. पण आपल्या बाबतीत कायदा लंगडा पडतो तो मुख्यतः पुराव्याअभावी. 'खोली कालच गेली' म्हणणाऱ्याने खोटे सांगितले हे कोण सांगणार? येथेच मित्राचे महत्त्व आहे. ज्याने आपल्या डोळ्यांदेखत एकास नकार व दुसऱ्यास होकार मिळताना पाहिला तोच साक्षीदार. अमेरिकेत १९६८ साली वर्ण किंवा धर्म पाहून घर नाकारण्यास बंदी करणारा कायदा झाला, आणि तो राबविण्यासाठी तेथील संस्थांनी हीच युक्ती वापरली: एक काळा आणि एक गोरा माणूस एकाच दारी पाठवावयाचा आणि दोघांस मिळालेली उत्तरे लिहून ठेवावयाची. १९८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा परीक्षकांनाही दाद मागण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. आपल्याकडेही अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत याच रीतीने पाहणी करून २०१५ साली ती प्रसिद्ध केली. उच्चवर्णीय नावाच्या माणसास जी दारे सहज उघडली, तीच दलितांस पुष्कळदा बंद झाली किंवा जाचक अटींवर उघडली. मुसलमानांची स्थिती त्याहूनही बिकट आढळली.

ही गोष्ट दोन मित्र सहज करू शकतात. जे पाच दारी घडले ते त्यांनी वहीत लिहिले असते, तारीख, पत्ता आणि दोघांच्या सह्या घातल्या असत्या, तर तो कागद झाला असता. मित्राने आपले आडनाव ढाल म्हणून दिले, त्याऐवजी साक्ष म्हणून द्यावयास हवे होते.

हे सर्व इतरांस सांगितल्यावर आपण आपल्याही दारात उभे राहून पाहिले पाहिजे. आज आपल्या वस्त्यांत दुमजली घरे झाली आहेत, वरच्या खोल्या भाड्याने दिल्या जातात. तेथे मातंग कुटुंब आले, वाल्मीकी कुटुंब आले, मुसलमान विद्यार्थी आला, तर आपण काय विचारतो? "कोणापैकी?" हा शब्द आपल्या ओठांवर येत नाही असे छातीवर हात ठेवून किती जण सांगतील? ज्या दिवशी आपण तो शब्द उच्चारतो त्या दिवशी बडोद्याच्या जिन्यावर काठी घेऊन आपणच उभे असतो. नुकत्याच धम्मात आलेल्या कुटुंबास जर जुन्या बौद्ध कुटुंबाने "तुम्ही मूळचे कोण?" असे विचारून खोली नाकारली, तर दीक्षेचा अर्थ काय उरला?

म्हणून माझे तीन गोष्टींविषयी आग्रहाचे मागणे आहे. प्रत्येक विहाराने भाड्याच्या खोल्यांची एक वही ठेवावी. जो घरमालक, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, आडनाव न विचारता खोली देतो त्याचा पत्ता तीत लिहावा. जो नाकारतो त्याच्याविषयीची साक्ष निराळ्या पानावर नोंदवावी. जून महिन्यात खेड्यांतून मुले येऊ लागतात तेव्हा विहारातील दोन जाणत्या माणसांनी त्यांच्यासोबत फिरावे. दुसरे, आईबापांनी मुलास निरोप देताना "नाव सांगू नको" असा उपदेश करू नये. पैसे कमी असतील तर खोली लहान घ्यावी, पण करारावर स्वतःचे नाव असावे. तिसरे मागणे मुलांच्या मित्रांकडे, जे आपल्या समाजातले नाहीत पण आपल्या मुलांवर जीव टाकतात. त्यांनी आडनाव उसने देऊ नये. दारातून दोघे मिळून परत फिरावे.

त्या मुलास मी नंतर भेटलो. रागावलो नाही. त्याच्या आईने मैदानावर काढलेल्या रात्रीची हकीकत तेवढी सांगितली. तो बराच वेळ खाली मान घालून बसला. मित्रही शेजारी होता. शेवटी मित्रच म्हणाला, "करार जूनमध्ये संपते. मग दुसरी खोली पाहू, दोघांच्या नावानं." ती खोली त्यांना शोधून देणे हे आता आपले काम आहे. पुढच्या अशोक विजयादशमीस ती माउली पांढरे लुगडे नेसून येईल, तेव्हा तिची सतरंजी मुलाच्या खोलीत अंथरलेली असावी.

जयभीम.